खरी नक्कल : चोर बाजारातले दोन दिवस

मिरजेहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई येते. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका गुरुवारी मी आणि माझा अकरावीतला मुलगा त्या गाडीत बसलो, तेव्हा आमच्या पिशवीत कपडे कमी आणि लोखंड जास्त होतं. टॉवेलात गुंडाळलेला स्पीडोमीटर, जुन्या ओढणीत बांधलेला कार्बोरेटर आणि वहीच्या पानावर लिहिलेली यादी : एक सायलेन्सर, कार्बोरेटरवरचं झाकण, थोडे नटबोल्ट. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोलिसाने पिशवी उघडायला लावली.

"ताई, हे काय?"

"वडिलांच्या मोटरसायकलचं सामान आहे. जावाचं."

"जावा!" तो हसला आणि त्याने स्वतःच पिशवीची चेन लावून दिली.

ही जावा 1968 सालची. अब्बांनी ती 1974 मध्ये एका साहेबांकडून जुनीच विकत घेतली होती. त्या गाडीवर आम्ही तिघं भावंडं शाळेत गेलो, ईदच्या नमाजला गेलो, आजोळी गेलो. एक टाकीवर, एक मध्ये आणि एक मागे, अशी आमची बसायची जागा ठरलेली. गेल्या वर्षी अब्बा अल्लाहला प्यारे झाले. त्यांना प्रत्येक हिशेब लिहून ठेवायची सवय होती. दर वर्षाची एक लाल कापडी वही. शेवटच्या वहीत आम्हाला एक नोंद सापडली : अम्मीच्या आजारपणात मित्राकडून घेतलेले दीड लाख रुपये, तारखेसह. त्या मित्राने कधी मागितले नव्हते. मय्यतीला येऊन, खांदा देऊन ते गुपचूप निघून गेले होते.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, असं कुरआन सांगतो. कुरआनातली सर्वांत मोठी आयत याच विषयावर आहे. आणि वारसांमध्ये वाटणी होण्याआधी मरहूमचं कर्ज फिटलं पाहिजे, हेही आपल्यापैकी प्रत्येकाने घरात ऐकलेलं असतं. राहतं घर सोडलं तर अब्बांच्या मागे विकण्यासारखी वस्तू एकच होती. ती अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती.

पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. त्यांनी फोटो पाहून फोनवर सांगितलं, "सगळं ओरिजिनल असेल तर एक लाख ऐंशी हजार देईन." त्यांचा आग्रह नुसता हौसेचा नव्हता. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी मूळ रूपात असेल, तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते आणि तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे 'मूळ' हा शब्द आता कायद्यातही येऊन बसला आहे.

आमच्या गाडीचा एक सायलेन्सर गंजून चाळण झाला होता, कार्बोरेटरवरचं झाकण हरवलं होतं आणि स्पीडोमीटरचा काटा हलत नव्हता. मिरजेच्या मिस्त्रींनी हात वर केले. "हे सामान मिळालं तर चोर बाजारात," ते म्हणाले, "पण आपा, जपून. तिथं जुनं नवं होतं आणि नवं जुनं होतं."

माझे मामू डोंगरीत राहतात. त्यांच्याकडे चहा घेऊन आम्ही पायीच निघालो. मोहम्मद अली रोड ओलांडला. डोक्यावर जे. जे. उड्डाणपूल, खाली हातगाड्या, टॅक्स्या आणि माणसं. पुढे भेंडी बाजार. इथल्या बऱ्याच जुन्या चाळी पाडून सैफी बुऱ्हाणी ट्रस्टचे नवे मनोरे उभे राहत आहेत. त्यांच्या सावलीतून आत वळलं की मटन स्ट्रीट आणि तिच्या भोवतालच्या गल्ल्या. हाच चोर बाजार. मूळ नाव 'शोर बाजार', म्हणजे गोंगाटाचा बाजार, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'चोर' झाला, असं इथे सगळे सांगतात. नाव कसंही पडलेलं असो, गोंगाट अजून आहे.

मामूंनी आधीच सांगितलं होतं, "आज जुमा. दुकानं बंद. पण रस्ता उघडा." शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची ग्रामोफोन, झुंबरं, घड्याळं आणि सागवानी कपाटांची दुकानं शटर ओढून घेतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुमा बाजार भरतो. जमिनीवर ताडपत्री, ताडपत्रीवर ढीग. एका ढिगात मोबाईलचे चार्जर, दुसऱ्यात एकेकटे बूट, तिसऱ्यात पान्हे, पकडी, हातोड्या. मोटारीचे आरसे, स्कूटरची चाकं, कसले कोण जाणे दातेरी गिअर. माझा मुलगा उकिडवा बसून प्रत्येक ढीग चाळत होता. आणि एका ताडपत्रीवर त्याला ते दिसलं : जावाच्या कार्बोरेटरवरचं ॲल्युमिनियमचं झाकण.

"आपा, असली माल है. म्हैसूर का," विक्रेता म्हणाला. झाकण काळवंडलेलं होतं, कोपऱ्यात तेलाचा चिकटा होता. मला दुसरा पुरावा लागला नाही. घासाघीस करून मी ते नऊशे रुपयांना घेतलं आणि जग जिंकल्यासारखी डोंगरीला परतले.

इथे जावाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. हे नाव चेकोस्लोव्हाकियातलं. 1929 मध्ये यानेचेक नावाच्या उद्योजकाने जर्मनीच्या वाँडरर कंपनीची मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून 'जावा' झालं. भारतात रुस्तम इराणी आणि फरोख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने 1961 मध्ये म्हैसूरला ती बनवायला सुरुवात केली. साधारण अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि किक व गिअर यांची दांडी एकच. नवख्याला ती दांडी सापडतच नसे. 1973 पासून तिथल्या गाड्या 'येझदी' नावाने निघू लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

कारखाना बंद झाला, पण गाड्या चालतच राहिल्या. त्यामुळे आज बाजारात तीन प्रकारचं सामान आहे. पहिलं, जुन्या गाड्यांवरून उतरवलेलं कंपनीचं. दुसरं, त्या काळी बनून कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर न विकता पडून राहिलेलं. हे सर्वांत महाग. तिसरं, आज नव्याने बनवलेलं. तिसरं पहिल्या-दुसऱ्याच्या भावात विकायचं, हा धंदा यातूनच जन्मला.

शनिवारी मामू आम्हाला त्यांच्या ओळखीच्या चाचांच्या दुकानात घेऊन गेले. दुकान कसलं, एक फळी आणि मागे छतापर्यंत डबे. चाचांचे वडीलही याच धंद्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रज फौजेच्या मोटरसायकली भंगारात निघाल्या, त्या मोडण्यापासून त्यांची सुरुवात. चाचांनी मला स्टूल दिलं, मुलाला फळीमागे बोलावलं आणि माझं नऊशेचं झाकण हातात घेतलं. त्यांनी ते पाहिलंही नाही, आधी अंगठा फिरवला.

"बेटी, रेती लगती है हाथ को?"

लागत होती. झाकणाची आतली बाजू बारीक खरखरीत होती. चाचांनी डब्यातून तसंच दुसरं झाकण काढलं. त्याची आतली बाजू गुळगुळीत, आणि तिच्यावर दोन-तीन छोटे गोल ठसे. मग त्यांनी समजावलं. कारखान्यात हजारो नग काढायचे असतात तेव्हा पोलादी साच्यात दाबाने रस भरतात. नग साच्यातून ढकलून बाहेर काढणाऱ्या खिळ्यांचे ते गोल ठसे. दहा-वीस नग काढणारा माणूस पोलादी साचा कशाला करील? तो एक जुना नग वाळूत दाबतो आणि त्या खड्ड्यात रस ओततो. म्हणून वाळूची खरखर राहते. नुसत्या खरखरीवरून निकाल द्यायचा नाही, काही भाग कारखान्यातही वाळूच्याच साच्यात होत. पण जिथे कंपनीचा भाग गुळगुळीत, तिथे खरखरीत भाग कंपनीचा नव्हे.

मग त्यांनी दोन्ही झाकणं एकमेकांवर ठेवली. माझं किंचित लहान होतं. व्हर्निअर कॅलिपर लावून त्यांनी मुलालाच मोजायला लावलं. फरक दीड मिलिमीटरपेक्षा जास्त.

"आता तूच सांग, बेटा, का?"

मुलगा विज्ञान शाखेचा. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं."

चाचा खूश झाले. कंपनी साचा करताना आकसण्याचा हिशेब धरून तो थोडा मोठा ठेवते. जुना नगच साच्यासाठी वापरला तर पोर बापापेक्षा लहानच निघणार. शंभराला एकाच्या आसपास, कधी थोडं जास्त. भाग दिसायला हुबेहूब, पण बोल्टची भोकं जुळत नाहीत. मग मिस्त्री भोक कानशीने वाढवतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं गाडीच वाकडी आहे.

मी शिकवणारी बाई, पण त्या स्टुलावर बसून दोन तास मी शिकत होते. चाचांची परीक्षा कुठल्या एका खुणेवर नव्हती. प्रत्येक वस्तूला ते तेच तीन प्रश्न विचारत : तू बनलीस कशी? तू वापरली गेलीस कुठे? आणि तुझ्या वयाची इतर माणसं कुठे आहेत?

पहिल्या प्रश्नात घडण आली. पत्र्याची जाडी, वजन, क्रोम. जुन्या चांगल्या क्रोमखाली तांब्याचा आणि निकेलचा जाड थर असे. टाकीवर रंगाखाली लांबी भरलेली असेल तर चुंबक तिथे सैल धरतो, म्हणून चाचांच्या खिशात सदैव एक चुंबक. काळी बटणं जुन्या बेकलाईटची की आजच्या प्लॅस्टिकची हे ते नखाने वाजवून सांगत. बेकलाईट जड असतं आणि गरम सुई त्यात शिरत नाही. आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत भोपळा बोटाने वाजवून पारखतात, ते पाहत मी मोठी झाले. त्यामुळे ही वाजवण्याची भाषा मला लगेच कळली.

दुसरा प्रश्न झिजेचा. माणूस गाडी वापरतो तेव्हा ती सगळीकडे सारखी झिजत नाही. किकचं रबर जिथे बूट बसतो तिथेच खातं. तेच गंजाचं. पाणी जिथे साचतं तिथे गंज खोल जातो, गडद तपकिरी होतो, आणि बाकी जागा बरी राहते. मिठाच्या पाण्याने किंवा ॲसिडने आणलेला गंज केशरी, भुरभुरीत आणि सगळीकडे सारखा पसरलेला. "सच्चा बुढ़ापा एक जैसा नहीं होता, बेटी," चाचा म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं तरी ते पटत होतं.

तिसरा प्रश्न सोबतीचा. आटे बघायचे. जावा चेक घराण्यातली, तिचे आटे मेट्रिक. जुन्या इंग्रजी गाड्यांचे आटे इंचाच्या मापाचे. महायुद्धातल्या बीएसए एम-20 वर मेट्रिक नट दिसला की तो नट नंतरचा. त्याच गाडीवर ॲमलचा मोनोब्लॉक कार्बोरेटर दिसला तरी तेच, कारण तो 1950च्या दशकाच्या मध्याला आला. युद्धातल्या एम-20 ला वेगळ्या फ्लोटचा जुना ॲमल असे. लुकासच्या विजेच्या सामानावर महिना-वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. 1942च्या गाडीवर 58 असा आकडा निघाला तर वस्तू अस्सल, पण त्या गाडीची नव्हे. हा मुद्दा मला नवा होता. वस्तू खरी असूनही जागा खोटी असू शकते.

बंद खोक्यालाही चाचा भुलत नाहीत. खोकं नव्याने छापता येतं. ते पिनांचा गंज कागदात उतरला आहे का ते पाहतात, आणि आतल्या ग्रीसचा वास घेतात.

मग त्यांनी ओढणी सोडली. कार्बोरेटर उलटा धरला, अक्षरं वाचली, झडप वरखाली केली. "जिकॉव्ह. चेक माल. सँभाल के रखना." मला इतका आनंद झाला की मी स्पीडोमीटर घाईने पुढे केला. "हा पण बघा ना. याला तर कधी हातच लागला नाही. अब्बांच्या गाडीला नवं असं काही बसवलंच नाही कधी."

चाचांनी काच गालाला लावली आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. मी तबकडी पाहिली. साध्या डोळ्यांना ठळक काळे दिसणारे आकडे भिंगाखाली बारीक बारीक ठिपक्यांचे झाले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. जुन्या तबकडीवर आकडा शाईचा सलग थर असतो. हे छापील कागदाचं स्टिकर होतं. काच काचेची नव्हती, प्लॅस्टिकची होती. म्हणूनच गालाला थंड लागली नाही. आणि कडेच्या पट्टीवर कुणीतरी पेचकस घालून उचकल्याच्या खुणा.

"नक्कल है, बेटी. अच्छी नक्कल है."

मला राग आला. चाचांचा नव्हे, पण कुणाचा ते कळेना. अब्बा खोटं बोलले असतील असं मनात आलं आणि त्या विचाराचीच लाज वाटली.

सायलेन्सर चाचांकडे नव्हता. गल्लीच्या टोकाच्या एका दुकानात मिळाला. इथला तरुण दुकानदार सरळ माणूस होता, निदान माझ्याशी. "आपा, नवा बनवलेला आहे. ओरिजिनल या भावात मिळणार नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "पण विकायची आहे ना गाडी? दो दिन नमक के पानी में, फिर मिट्टी में। कोई माई का लाल नहीं पहचानेगा." पाचशे रुपये जादा. जुना करून हवा असेल तर सोमवारी तयार.

माझा मुलगा माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "अम्मी, कुणाला कळणार आहे?"

रात्री मिरजेहून धाकट्या भावाचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आपा, त्यांनी विचारलं तर सांग. आपण होऊन कशाला सांगायचं? पैसे काही चैनीला नकोत. अब्बांचं कर्ज फेडायचंय." त्याचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटलं नाही, हे मी कबूल करते. मामूंच्या गॅलरीत उभी राहून मी आकडे मांडत होते. सगळं मूळ सांगितलं तर एक लाख ऐंशी. कर्ज फिटून वर तीस हजार. खरं सांगितलं तर किती, कोण जाणे. आणि पैसा माझ्या एकटीचाही नाही. तिघांचा, आणि सर्वांआधी अब्बांच्या मित्राचा.

पण ज्या गोष्टीवर मी दरवर्षी वर्गात बोलते ती मला आता सोडत नव्हती. मदीनेच्या बाजारात प्रेषित (स.) एका धान्याच्या ढिगापाशी थांबले, हात आत घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस, असं त्यांनी विचारलं, आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असं बजावलं. मुलांना सांगताना मी नेहमी 'फसवू नका' इथेच थांबत असे. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की त्या विक्रेत्याला कुणी ओल आहे का असं विचारलंच नव्हतं. जबाबदारी विचारणाऱ्याची नव्हती. ओल वर ठेवायची होती. आणि ज्याला ओल कुठे आहे ते माहीत नाही त्याची गोष्ट वेगळी. मला तर दोन तास बसवून, भिंग हातात देऊन दाखवली होती. चाचांनी दिलेलं ज्ञान म्हणजे आता माझ्याकडची अमानत होती. ते लपवायला वापरायचं की दाखवायला, एवढाच प्रश्न उरला होता.

सकाळी मुलाला घेऊन गेले आणि सायलेन्सर घेतला. नवाच, चकचकीत, जुना न करता. दुकानदाराने खांदे उडवले, पण बिलावर 'नवीन बनावट' असं लिहून दिलं. नऊशेचं झाकणही ठेवून घेतलं. त्याची भोकं मिस्त्रींनी कानशीने वाढवली.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर चाचांवर अन्याय होईल. नव्या सामानाशी त्यांचं वैर नाही. ब्रेकचे लायनर, टायर, केबल, पेट्रोलची नळी हे सगळं नवंच घालावं, असं त्यांनी मुलाला बजावून सांगितलं. पन्नास वर्षांचं मूळ टायर काचेच्या कपाटात शोभतं. रस्त्यावर ते जीव घेईल. नव्याने बनवणारे कारागीर नसते तर निम्म्या जावा केव्हाच भंगारात गेल्या असत्या. नक्कल करणं हा गुन्हा नाही. नक्कलेने आपलं नाव लपवणं हा गुन्हा.

मिरजेला परतल्यावर मी अब्बांच्या वह्या काढल्या. आधी आम्ही फक्त शेवटची वाचली होती. आता एकेक वर्ष मागे जात गेले. दूध, किराणा, फी, पेट्रोल. 2003च्या वहीत, मी कोल्हापूरला बी.एड. करत होते त्या वर्षात, अब्बांच्या बारीक अक्षरात ओळ सापडली : 'गाडी पडली. मीटर फुटला. नवीन बसवला, नकली.' पुढे रक्कम, त्यापुढे तारीख.

नकली. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्या वेळी गाडी विकायची नव्हती, कुणाला दाखवायचं नव्हतं, विचारणारंही कुणी नव्हतं. तरीही लिहिलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसले. मग भावाला हाक मारली. त्याने वाचलं आणि काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "यादी करू या."

यादी मुलाने केली. चाचांनी शिकवलेल्या पद्धतीने सबंध गाडी भिंगाखालून काढली, आणि वह्यांशी ताडून दोन रकाने आखले : मूळ, आणि नवीन. चासी नंबर, इंजिन नंबर आर.सी. बुकाशी जुळले. टाकी मूळ, मडगार्ड मूळ, कार्बोरेटर मूळ. नवीनच्या रकान्यात स्पीडोमीटर, झाकण, उजवा सायलेन्सर, सीटचं कव्हर, मागचा दिवा, हँडलचं एक लिव्हर, आणि अशा आणखी चार गोष्टी ज्या आम्हाला कायम मूळच वाटत आल्या होत्या.

पुण्याचे गृहस्थ आले. त्यांनी यादी दोनदा वाचली, गाडीभोवती फिरले, मागच्या दिव्यापाशी वाकले. "हा मला मूळ वाटला असता," ते म्हणाले. मग त्यांनी एक लाख चाळीस हजार सांगितले. आम्ही होकार दिला. कमी पडलेले दहा हजार तिघा भावंडांनी आपापल्या खिशातून घातले, आणि त्याच संध्याकाळी अब्बांच्या मित्राच्या घरी जाऊन आलो. ते घ्यायला तयार नव्हते. आम्ही वहीतली नोंद दाखवली तेव्हा घेतले, आणि आमच्यासमोर त्या नोंदीखाली सही केली.

जाण्याआधी पुण्याच्या गृहस्थांनी एक विनंती केली होती : गाडीचा इतिहास म्हणून त्या वह्या मिळतील का? वह्या देणं शक्य नव्हतं. मी दुरुस्तीच्या नोंदी असलेल्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. शाळेत मुलांच्या दाखल्यांवर मारतो तो शिक्का माझ्या डोळ्यांपुढे होता, पण तो सरकारी कामाचा, घरच्या कागदावर मारायचा नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी तेच दोन शब्द हाताने लिहिले आणि खाली सही केली : 'खरी नक्कल'.

गाडी टेम्पोत चढवताना माझ्या मुलाने स्पीडोमीटरवरची धूळ बाहीने पुसली. मूळ टाकी पुसली होती तशीच.